फार्महाऊसचा पूल आणि जकुझी : पंप किती तास चालवायचा, हे ठरवायची रीत

लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी. या पट्ट्यात बंगल्यामागे छोटा पूल आणि त्याला चिकटून चार-सहा माणसांची जकुझी, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. कंत्राटदार ताबा देताना टायमरवर काहीतरी तास लावून जातो आणि तेच तास पुढे मे महिन्यातही चालतात, भर जुलैतही. काही घरांत पंप चोवीस तास घरघरत असतो, कारण ‘बंद केला की पाणी हिरवं होतं’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. काही ठिकाणी उलट. तिथे केअरटेकरला वीजबिलाची इतकी धास्ती असते की पंप सुरू होतो तो पाहुणे यायच्या आदल्या रात्री. एकीकडे पैसा वाया जातो, दुसरीकडे पाणी नासतं.

पंपाचे तास शेजारच्या बंगल्यावरून ठरवायचे नसतात. ते तुमच्या पूलच्या लिटरांवरून, तुमच्या पंपाच्या खऱ्या प्रवाहावरून आणि क्लोरीनच्या गरजेवरून ठरतात. एका सकाळी एवढं मोजून होतं. पुढचे दोन-तीन आठवडे पाण्याकडे बघत आकडा बसवायचा. जकुझीचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा आहे. तो पूलच्या हिशेबात मिसळला की दोन्हीचं गणित बिघडतं.

आधी लिटर

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घ्या, गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. उदाहरणासाठी २५ बाय १२ फुटांचा पूल घेऊ. उथळ टोकाला साडेतीन फूट, खोल टोकाला पाच, म्हणजे सरासरी सव्वाचार. गुणाकार १,२७५ घनफूट, म्हणजे साधारण ३६,००० लिटर. खोली पाण्याची घ्यायची, बांधकामाची नाही. मूत्रपिंडासारखा किंवा वेडावाकडा आकार असेल तर दोन-तीन आयतांत तोडून बेरीज करा. पाच-दहा टक्के इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

पंप खरोखर किती पाणी फिरवतो

घोटाळा होतो तो इथे. पंपाच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेला प्रवाह ठरावीक हेडवर (पंपाला जेवढ्या उंचीविरुद्ध आणि अडथळ्याविरुद्ध पाणी ढकलावं लागतं त्यावर) मोजलेला असतो. तुमच्याकडे पाइप लांब असेल, एल्बो (पाइपाची वळणं) जास्त असतील, फिल्टरमधली वाळू जुनी असेल, तर तेवढं पाणी येत नाही. रोटामीटर (पाइपवर प्रवाह दाखवणारा मीटर) बसवलेला असेल तर प्रश्नच नाही, वाचा आणि पुढे चला. नसेल तर ही पद्धत वापरा.

पाणी पूर्ण शांत असताना टाइलवर पाण्याच्या रेषेला इलेक्ट्रिकल टेपची पट्टी लावा आणि तिच्या एक इंच खाली दुसरी. पंप बंद करून मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा ‘वेस्ट’वर आणा, म्हणजे पाणी थेट ड्रेनला जाईल. पंप चालू असताना हा दांडा कधीही फिरवू नये, आतला गॅस्केट फाटतो आणि मग पाणी रोज नकळत ड्रेनला जात राहतं. आता पंप सुरू करा आणि घड्याळ लावा. पाणी दुसऱ्या पट्टीला टेकलं की पंप बंद.

आपल्या उदाहरणात पृष्ठभाग ३०० चौरस फूट आहे. म्हणजे एक इंच पाणी सुमारे ७०० लिटर. ते जायला साडेतीन मिनिटं लागली, तर मिनिटाला २०० लिटर, तासाला १२,००० लिटर. वेस्टवर पाणी फिल्टरमधून जात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह याहून थोडा कमी असतो. ११,००० धरा. ही चाचणी बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुणं) झाल्यावर आणि स्ट्रेनरची (पंपापुढच्या कचरा अडवणाऱ्या डबीची) जाळी साफ करूनच घ्यायची. स्किमर (पृष्ठभागावरचा कचरा ओढणारी भिंतीतली खाच) असलेल्या पूलमध्ये एक इंच उतरल्यावरही पाणी स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा वर राहील ना, हे आधी बघून घ्या, नाहीतर पंप हवा ओढेल.

पूल ओव्हरफ्लोचा किंवा इन्फिनिटीचा असेल तर पाणी पूलमधून नाही, काठावरून सांडलेलं पाणी जमणाऱ्या बॅलन्सिंग टँकमधून उतरतं. तिथे टँकमध्ये मोजपट्टी धरून मोजा. टँक लहान असतो, पाणी झरझर खाली जातं, म्हणून एका माणसाने पंपाच्या स्विचपाशी उभं राहावं.

एक फेरी म्हणजे सगळं पाणी नव्हे

३६,००० भागिले ११,००० म्हणजे सव्वातीन तास. एवढ्या वेळात पूलइतकं पाणी फिल्टरमधून गेलं, ही एक फेरी. पण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात परत मिसळत असतं, त्यामुळे काही थेंब दोनदा जातात, काही एकदाही नाही. पाणी सगळीकडे सारखं मिसळतं असं धरलं तर एका फेरीत ६३ टक्के पाणी गाळलं जातं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. चौथी फेरी ९८ वर नेते. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत बहुतेक काम उरकतं आणि नंतरच्या तासांना वीज तेवढीच लागून फायदा घटत जातो. घरगुती पूल, रोजचा माफक वापर, आजूबाजूला फार झाडं नाहीत, अशा ठिकाणी दोन फेऱ्यांनी सुरुवात करावी. इथे ती साडेसहा तासांची होते.

आता बिल. एक एचपीचा पंप प्रत्यक्षात एक किलोवॅटच्या आसपास ओढतो. साडेसहा तासांना महिन्याला साधारण १९५ युनिट. चोवीस तास चालवला तर ७२०. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतात, त्यामुळे पंपाचे जास्तीचे तास बंगल्याच्या एसी-गीझरच्या युनिटांनाही महागड्या टप्प्यात ढकलतात. म्हणून हा हिशेब मनापासून करावा.

क्लोरीन तास वाढवायला लावतं

गाळण्याचे तास निघाले. पण जिथे मिठाचा क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन बनवणारं यंत्र) आहे, तिथे दुसरा आकडाही काढावा लागतो, कारण त्यातला सेल क्लोरीन तयार करतो तो पंप चालू असतानाच. उन्हाळ्यात रोज साधारण ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम) क्लोरीन खर्च होतं असं धरा. ३६ घनमीटरला ३ पीपीएम म्हणजे १०८ ग्रॅम. तुमचा सेल तासाला १५ ग्रॅमचा असेल तर पूर्ण क्षमतेवर सव्वासात तास लागले. गाळण्याला साडेसहा पुरत होते, क्लोरीनला सव्वासात लागतात. दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा.

त्याआधी एक गोष्ट तपासा : सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीन उन्हात टिकवणारं स्टॅबिलायझर. ते शून्य असेल तर भर उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडतं आणि मग कितीही तास पंप चालवला तरी क्लोरीन तपासायच्या पट्टीवर रंग येत नाही. ३० ते ५० पीपीएम ठेवा. जिथे केअरटेकर टीसीसीए ९० (स्टॅबिलायझर असलेलं क्लोरीन) टाकतो तिथे उलट अडचण असते. त्या पावडरीबरोबर स्टॅबिलायझर जातच राहतं आणि साठत साठत इतकं होतं की क्लोरीन असूनही काम करत नाही. तेव्हा थोडं पाणी बदलण्याला पर्याय नसतो. आणि हे केअरटेकरला शांतपणे समजावून सांगाच : टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच बादलीत, एकाच डब्यात, एकाच मगाने कधीही नाही. त्याने स्फोट होऊ शकतो.

दिवसाचे कोणते तास

मुख्य तास उन्हातले ठेवा. शेवाळ वाढतं उन्हात, क्लोरीन उडतं उन्हात, पानं-किडे-पोहणारी माणसं येतात दिवसा. रात्रीची वीज स्वस्त असते या समजुतीने पंप रात्री चालवणारे भेटतात, पण घरगुती ग्राहकाला आता चित्र उलट आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत मिळते. छपरावर सोलर असेल तर दिवसा चालवण्याचं कारण आणखी भक्कम.

मी साधारण असं लावतो : सकाळी ७ ते ८ एक तास, म्हणजे रात्री पडलेला कचरा बुडण्याआधी स्किमरमध्ये जातो. मग साडेदहा ते साडेतीन सलग. हाताने क्लोरीन टाकत असाल तर ते सूर्य मावळल्यावर टाका आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास पंप, ते सगळीकडे पोचण्यासाठी. यापेक्षा जास्त तुकडे पाडू नका. प्रत्येक स्टार्टला मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

तुरटी टाकून गाळ बसवायचा असेल ती रात्र याला अपवाद. तुरटी टाकल्यावर पाणी मिसळण्यापुरता पंप, तोही ‘रीसर्क्युलेट’वर (फिल्टर वगळून), मग रात्रभर पूर्ण बंद आणि टायमर ‘ऑफ’वर. टायमर विसरला की सकाळी सात वाजता पंप आपोआप सुरू होऊन तळाशी बसलेला सगळा गाळ वाळूत जातो. सकाळी हळू हाताने व्हॅक्युम, थेट वेस्टला.

टायमरची डबी

पंपरूममध्ये बहुतेक ठिकाणी पिनांचा डायल टायमर असतो, एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं. आपल्याकडे त्याची अडचण अशी की लाइट गेली की साधा टायमरही थांबतो. दुपारी दोन तास वीज नव्हती, तर तो कायमचा दोन तास मागे पडला. पावसाळ्यात अशी चार-पाच वेळा भर पडली की दुपारचा पंप रात्री चालू लागतो, आणि मालक पुण्या-मुंबईत असतो. बॅटरी बॅकअपचा टायमर घ्या. किंमत फार नाही. डायलचाच ठेवायचा असेल तर केअरटेकरला दर सोमवारी मोबाइलच्या घड्याळाशी मेळ घालायला सांगा.

टायमरवर पंप थेट जोडू नये. टायमरने काँटॅक्टर (मोठा करंट झेलणारा स्विच) चालवावा आणि काँटॅक्टरने पंप. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा) हवाच, आणि पूलच्या सगळ्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). तो नसेल तर तासांचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पंपरूम पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर वीज जाऊन आल्यावर पंपातलं पाणी उतरलेलं असू शकतं. मग तो कोरडा फिरतो आणि मेकॅनिकल सील जळतं. स्ट्रेनरच्या पारदर्शक झाकणातून बघा. पाणी गच्च भरलेलं दिसायला हवं. बुडबुडे सतत दिसत असतील तर झाकणाचा रबरी ओ-रिंग काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

तास कमी करत आणणं

काढलेला आकडा ही सुरुवात. आता वही करा : तारीख, तास, फिल्टरचं प्रेशर, फ्री क्लोरीन (अजून काम करू शकणारं क्लोरीन), पीएच, आणि पाणी किती स्वच्छ दिसतं. शेवटच्या रकान्यासाठी खूण ठरवा. खोल टोकाच्या मेन ड्रेनच्या जाळीच्या फटी काठावरून वेगवेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. जाळी नुसती ‘दिसते’ एवढं पुरत नाही.

फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएममध्ये आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आठवडाभर स्थिर राहिलं, फटी मोजता आल्या, तर अर्धा तास कमी करा. पुन्हा आठवडा थांबा. असं करत जिथे पाणी पहिल्यांदा मंद दिसेल किंवा पायऱ्यांच्या कोपऱ्यात बोटाला बुळबुळ लागेल, तिथून एक तास वर या. तो तुमचा आकडा. बुळबुळ फक्त एकाच कोपऱ्यात असेल तर मात्र तास वाढवू नका, रिटर्नचा (गाळलेलं पाणी पूलमध्ये सोडणारा) नॉझल त्या दिशेला वळवा. तिथे पाणी पोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

पाणी बिघडलं की लोक पहिल्यांदा तास वाढवतात. त्याआधी रात्रीची चाचणी करा. सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन मोजा, सकाळी ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, पोहणारे नसतात. तरी १ पीपीएमहून जास्त घट झाली तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे किंवा घाण साठली आहे. ते काम शॉक डोसचं (एकदम भरपूर क्लोरीन टाकण्याचं) आहे.

प्रेशरही बघत राहा. बॅकवॉशनंतरच्या स्वच्छ आकड्यापेक्षा काटा ८ ते १० पीएसआय चढला की बॅकवॉश करा. पाणी व्हॉल्व्हजवळच्या छोट्या काचेतून स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं, मग मिनिटभर रिन्स. चोंदलेल्या फिल्टरवर सात तास चालवलेला पंप प्रत्यक्षात पाच तासांचंच काम करत असतो.

जकुझी : इथे फेऱ्या मोजून भागत नाही

१,५०० लिटरच्या जकुझीत चार माणसं बसली, तर तितकी दाटी आपल्या ३६,००० लिटरच्या पूलमध्ये व्हायला ९६ माणसं उतरावी लागतील. त्यात पाणी ३८ अंशांचं. घाम, तेल, सनस्क्रीन, आणि कोमट पाण्यात भराभर वाढणारे जंतू. फिल्टरची फेरी पंधरा-वीस मिनिटांत होते, त्यामुळे फेऱ्यांच्या हिशेबाने अर्धा तासही पुरेल असं वाटतं, पण ते फसवं आहे.

स्वतंत्र जकुझी, म्हणजे स्वतःचा पंप आणि फिल्टर असलेली, वापरात असताना दिवसातून दोनदा दोन-दोन तास चालवा आणि प्रत्येक वापरानंतर क्लोरीन टाकून आणखी एक तास. फ्री क्लोरीन इथे ३ ते ५ पीपीएम. जेटचा बूस्टर पंप या तासांत धरू नका. बहुतेक ठिकाणी तो पाणी फक्त घुसळतो, गाळत नाही. पण जेट आणि ब्लोअर रोज काही मिनिटं चालवायलाच हवेत, वापर नसला तरी. त्यांच्या पाइपात साचलेल्या कोमट पाण्यात बुळबुळीचा थर धरतो आणि लिजिओनेलासारखे जिवाणू त्यात राहतात. आठवडाभर बंद जकुझीत बटण दाबताच पांढरा-करडा चुरा बाहेर आला, तर तो हाच थर. ते पाणी काढून टाका, पाइप धुवा, मग भरा.

पूललाच जोडलेली, त्याच पंपावर चालणारी जकुझी असेल तर सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. थ्री-वे व्हॉल्व्ह ‘स्पा’वर असताना पंप पाणी जकुझीतून ओढतो आणि जकुझीतच सोडतो. पूलचं पाणी त्या वेळात जागचं हलत नाही. शुक्रवारी पाहुणे येणार म्हणून दुपारी एकपासून पाणी तापवायला घेतलं, तर टायमर सांगतो की पंप साडेसहा तास चालला, पण पूलच्या वाट्याला जेमतेम साडेतीन तास आले. शनिवारी-रविवारी तेच. सोमवारी पाणी हिरवट. म्हणून जकुझीचे तास वेगळे लिहा आणि तेवढे पूलला सकाळी किंवा दुसऱ्या दिवशी भरून द्या.

इतर दिवशी उलट काळजी : व्हॉल्व्ह ‘पूल’वर असताना जकुझीच्या धबधब्यातून रोज किमान तासभर पाणी वाहू द्या, नाहीतर तेवढ्याशा पाण्यातलं क्लोरीन दुपारपर्यंत संपतं. पंप बंद झाल्यावर रात्रीत जकुझीची पातळी पूलइतकी खाली उतरत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय.

तापवायचे तास असे काढा. १,५०० लिटर पाणी २५ वरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे २३ युनिट उष्णता लागते. ३ किलोवॅटच्या हीटरला पावणेआठ तास, वर उघड्या पाण्यातून उडून जाणारी उष्णता वेगळी. जानेवारीत लोणावळ्याला पाणी २० अंशांवर असेल तर ३१ युनिट. म्हणजे संध्याकाळी सातला हवी असेल तर पाच वाजता बटण दाबून उपयोग नाही. हीट पंप असेल तर वीज चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. झाकण दोन्हीकडे लागतंच. ४० अंशांच्या वर कधीही नाही, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, आणि गरोदर बाई किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. गॅसचा हीटर बंद झाल्यावर पंप काही मिनिटं चालू राहिला पाहिजे, म्हणून टायमर अचानक तोडणारा नको.

पाणी बदलण्याचा व्यवहारातला हिशेब : लिटर भागिले ११.४, भागिले रोजची माणसं. १,५०० लिटर आणि रोज चार जण, तर महिनाभर.

आणि पंप चालू असताना तळाच्या सक्शनची जाळी जागेवर आहे का, हे मुलं उतरण्याआधी प्रत्येक वेळी बघा. जाळी तुटलेली किंवा सुटलेली असेल तर पंप बंद, पोहणं बंद. लांब केस बांधूनच जकुझीत बसावं. पंपाचा लाल स्विच जकुझीच्या जवळ, हात पोचेल असा हवा आणि घरातल्या सगळ्यांना तो माहीत हवा.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून क्लोरीन कमी उडतं. पण पावसाचं पाणी क्लोरीन, मीठ, अल्कलिनिटी सगळंच पातळ करतं, आणि आवारातली लाल माती काठावरून आत येते. या महिन्यांत उन्हाळ्याचेच तास ठेवा, फक्त मोठ्या सरीनंतर पातळी उतरवून, पट्टी बघून डोस द्या आणि एक फेरी जास्त चालवा. स्ट्रेनरची जाळी रोज उघडा. घर रिकामं असलं तरी पंप पूर्ण बंद ठेवू नये : थांबलेल्या, क्लोरीन संपलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी तयार होते, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. थंडीत मात्र, डिसेंबर-जानेवारीत, दीड फेरीवर खुशाल या.

नवा पंप घ्यायचा असेल तर

कमी-जास्त वेगाचा पंप घ्या. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात मोटरचे नुकसान धरून एक किलोवॅटच्या जागी दोनशे वॅटच्या आत-बाहेर. आपल्या पूलला साडेसहाऐवजी तेरा तास लागतील, पण रोजचे साडेसहा युनिट पावणेतीनच्या खाली येतील, आणि हळू वाहणारं पाणी वाळूत जास्त चांगलं गाळलं जातं. व्हॅक्युम, बॅकवॉश, हीटर, इन्फिनिटीची धार यांना मात्र पूर्ण वेग लागतो, आणि क्लोरिनेटरचा फ्लो स्विच कमी वेगावर बंद तर पडत नाही ना, हे बसवताना तपासून घ्या. जुन्या सिंगल फेज कपॅसिटर मोटरला नुसता व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून हे होत नाही. त्यासाठी थ्री फेज मोटर किंवा कंपनीतूनच तशी आलेली मोटर हवी. बाहेरून मागवलेला पंप असेल तर त्याच्या पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलंय का, ते पैसे देण्याआधी वाचा.